‘थँक यू’ : एका शब्दाची कुळकथा

इंग्रजीची एकहि इयत्ता न शिकलेल्या माणसाच्या तोंडीं आज जे दहापांच इंग्रजी शब्द सहज येतात, त्यांत ‘थँक यू’ ह्या जोडशब्दाचा क्रम बराच वरचा लागेल. आगगाडींत कोणी जरा सरकून जागा दिली, थँक यू; दुकानदारानें मोड परत केली, थँक यू. पाळण्यांतून नुकतेंच उतरलेलें मूल पाहुण्याच्या हातचा खाऊ घेऊन पळूं लागलें, कीं आई त्यास हटकते, “थँक यू म्हटलेंस का?” शब्द असा घरोघर रुळला असला, तरी त्याविषयीं आपल्या मनांत एक प्रकारची अढी आहे, हेंहि खरें. कोणी म्हणतो, ही निव्वळ साहेबी रीत. जिभेवर साखर, पोटांत कांहीं नाहीं. दुसरा म्हणतो, मराठींत ह्या कामाचा नित्य वापरांतला शब्दच नाहीं. तेव्हां उपकार मानण्याची संवयच आपल्या लोकांस नसावी. हे दोन्ही आक्षेप आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्यांचा निवाडा करावयाचा, तर त्या शब्दाचें कूळ आधीं शोधलें पाहिजे, असें वाटून आम्हीं जो थोडा शोध केला, तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

इंग्रजी शब्दांचीं कुळें पाहण्याचें मोठें साधन म्हणजे ऑक्सफर्डचा बृहत्कोश. तो इ. स. १८८४ पासून १९२८ पर्यंत भागाभागांनीं प्रसिद्ध झाला. त्याचे मुख्य संपादक जेम्स मरे हे शाळामास्तर होते. शाळेचें काम संभाळून त्यांनीं कोशाचें काम हातीं घेतलें. आणि पत्र्याच्या एका खोपटांत बसून, ठिकठिकाणच्या वाचकांनीं पाठविलेल्या चिठ्ठ्या लावीत लावीत तें पुढें नेलें. सबंध कोश छापून झालेला पाहण्याचें मात्र त्यांच्या नशिबीं नव्हतें, इ. स. १९१५ त ते वारले. परंतु ‘टी’ हें अक्षर त्यांच्या स्वतःच्या वांट्याचें होतें, आणि ‘थँक’ हा शब्द त्याच अक्षराखालीं येतो.

ह्या शब्दाची हकीकत अशी. हजार वर्षांपूर्वींच्या जुन्या इंग्रजींत ह्या नामाचा अर्थ केवळ आभार एवढाच नव्हता. त्याचा मूळचा अर्थ होता विचार. मनांत एखाद्याविषयीं जो विचार येतो तो. मग चांगला विचार, म्हणजे सद्भाव. आणि शेवटीं, केलेल्या उपकाराबद्दलचा सद्भाव, असा तो अर्थ पायरीपायरीनें अरुंद होत गेला. विचार करणें ह्या अर्थीं जें ‘थिंक’ हें क्रियापद आपण खालच्या इयत्तांतच शिकतों, त्याचें आणि ‘थँक’चें मूळ एकच. गीत ह्या अर्थाचा ‘साँग’ आणि गाणें ह्या अर्थाचा ‘सिंग’, ह्या दोहोंत जसा केवळ एका स्वराचा फेर आहे, तसाच तो ‘थँक’ आणि ‘थिंक’ ह्यांतहि आहे. इंग्रजीची बहीण जी जर्मन भाषा, तींत तर हें नातें अगदीं उघड दिसतें. तेथें ‘डेंकन’ म्हणजे विचार करणें आणि ‘डांकन’ म्हणजे आभार मानणें. पुढें इ. स. १४०० च्या सुमारास ‘आय थँक यू’ ह्या पूर्ण वाक्यांतला ‘आय’, म्हणजे ‘मी’, गळून ‘थँक यू’ एवढेंच उरलें. म्हणजे आपण ज्यास शब्द म्हणतों, तें खरोखर एक वाक्य आहे. आणि त्याचा जुना भाव असा कीं, ‘तूं माझ्याकरितां जें केलेंस तें माझ्या ध्यानांत आलें आहे.’ घाईंत ‘मी’ गळाला त्यास इलाज नाहीं. पण त्याबरोबर तें ध्यानांत येणेंहि गळूं नये, एवढीच काळजी घ्यावयाची.

ही एकच भावना निरनिराळ्या लोकांनीं कोणत्या दारानें भाषेंत आणली, हें पाहणें मोठें मौजेचें आहे. फ्रेंच लोक ‘मेर्सी’ म्हणतात. त्याचें मूळ मजुरी किंवा मोबदला ह्या अर्थाच्या एका लॅटिन शब्दांत आहे. ख्रिस्ती धर्माच्या लॅटिनांत त्यास कृपेचा अर्थ आला, आणि दया ह्या अर्थाचा इंग्रजी ‘मर्सी’ हा त्याच घरचा शब्द. पोर्तुगीज पुरुष ‘ओब्रिगादु’ म्हणतो आणि स्त्री ‘ओब्रिगादा’ म्हणते. अर्थ एकच, ‘मी बांधला गेलों’ किंवा ‘बांधली गेलें’. जपानी ‘आरिगातो’ ह्याच्या मुळाशीं ‘असें घडणें कठीण, दुर्मिळ’ ही कल्पना आहे. ग्रीक भाषेंत आभारासाठीं जो शब्द आहे त्याच्या पोटांत ‘खारिस’ म्हणजे कृपा हा शब्द बसला आहे. त्याच शब्दावरून प्रभुभोजनाच्या विधीस ‘युखरिस्त’ हें नांव पडलें. आमच्या मराठी बायबलांत त्या ग्रीक शब्दासाठीं ‘उपकारस्तुति’ असा भारदस्त शब्द योजिला आहे. गोव्यांत पोर्तुगीजांचा अंमल इ. स. १५१० पासून १९६१ पर्यंत, म्हणजे साडेचारशें वर्षें होता. तरी तेथील कोंकणी माणसाच्या हृदयांतून निघणारा शब्द ‘देव बरें करूं’ हाच राहिला. तुझ्या उपकाराची फेड माझ्यानें होणार नाहीं, ती देवानें करावी, असें तो म्हणतो. कोणाच्या दृष्टीस मोबदला पडला, कोणाच्या बंधन, कोणाच्या कृपा, कोणाच्या दुर्मिळता. इंग्रज आणि जर्मन ह्यांच्या पूर्वजांस मात्र त्यांत विचार दिसला.

आतां आपल्या घराकडे वळूं. संस्कृतांतून आपल्याकडे आलेला ‘कृतज्ञ’ हा शब्द घ्या. कृत म्हणजे केलेलें. ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. केलेलें जाणतो तो कृतज्ञ. त्याच्या उलट जो कृतघ्न, तो केलेल्याचा घात करणारा. आणि शुद्ध मराठींत तर ह्याहूनहि सोपा शब्द आहे: जाण. “त्याला केल्याची जाण आहे,” असें आपल्या खेड्यांतली म्हातारी बाई एखाद्याविषयीं म्हणते, तेव्हां तिच्या मनांत ज्ञान आणि उपकारस्मरण हीं दोन निराळीं नसतात. जो विसरत नाहीं, ज्याला कळतें, तोच उपकार मानणारा. हजारों कोसांवरील जुन्या इंग्रजानें जो विचार ‘थँक’ ह्या शब्दांत ठेविला, तोच आमच्या आजीनें ‘जाण’ ह्या शब्दांत ठेविला. ह्या दोन शब्दांची उत्पत्ति एक नव्हे; त्यांचीं कुळें निराळीं आहेत. पण दोघांनीं एकच गोष्ट ओळखली, हें लक्षांत घेतलें म्हणजे मराठी माणसास उपकारबुद्धि नाहीं हा आक्षेप तेथल्या तेथें गळून पडतो.

शब्द सोडून आचाराकडे पाहिलें, तरी तेंच दिसतें. जेवण झाल्यावर आपल्याकडे यजमानास कोणी ‘थँक यू’ म्हणत नसे. “अन्नदाता सुखी भव” असें म्हणून हात धुवावयास उठत. वाकून नमस्कार करणाऱ्या मुलास वडील माणूस “औक्षवंत हो” म्हणे. ज्याचें अन्न खाल्लें त्याच्या मिठाला जागावें, हा तर साध्या शिपाईगड्याचाहि धर्म होता. ज्यास भाषाच नाहीं अशा प्राण्याचे आभार मानण्याचीहि रीत आमच्या शेतकऱ्यानें काढून ठेविली आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर ज्या खांद्यावर जूं घांसलें, तो खांदा हळद आणि लोणी लावून चोळतात, आणि दुसऱ्या दिवशींच्या जेवणाचें आमंत्रण पाहुण्यास द्यावें तसें बैलास देतात. खांदाच कां चोळावयाचा, पाठ कां नाहीं? कारण भार तेथें पडला. कोठें भार पडला हें ध्यानांत ठेवून तेथेंच हात लावणें, ह्याहून ‘थँक’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ अधिक स्पष्ट करणारें उदाहरण आम्हांस तरी सुचत नाहीं.

मग ‘आभार’ आणि ‘धन्यवाद’ हे शब्द काय कमी आहेत, असें कोणी विचारील. कमी नाहींत, पण ते अजून व्यासपीठावरून खालीं उतरलेले नाहींत. सभेंत वक्ता “मी आपला आभारी आहे” म्हणतो; तोच घरीं पत्नीनें पाण्याचा तांब्या पुढें ठेविला असतां “मी आपला आभारी आहे” म्हणाला, तर ती त्यास बरें वाटत नाहींसें दिसतें असें समजून कपाळास हात लावून पाहील. ‘थँक यू’ हा परका शब्द जेथें शिरला, ती जागा रिकामी होती म्हणूनच शिरला.

परंतु इंग्रजांच्या घरींहि ह्या शब्दाचें वर्तन नेहमीं सरळ असतें असें नाहीं. विद्यार्थ्यांनीं त्याच्या खोड्या ओळखून ठेवाव्या. चहा पुढें आला असतां इंग्रज “थँक यू” म्हणाला, तर चहा घेतला असें समजावें. फ्रेंच मनुष्य नुसतें “मेर्सी” म्हणाला, तर पुष्कळदां तो नको म्हणत असतो. “दार लावाल तर मी तुमचे आभार मानीन,” अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य विशेष स्वरांत उच्चारलें गेलें, कीं ती विनंति नसून ताकीद असते. “ह्याबद्दल स्वतःचेच आभार माना,” असें कोणी म्हणालें तर ती स्तुति नव्हे; केल्या कर्माचें फळ भोगा, असा त्याचा अर्थ. आमच्याकडील रजेचे अर्ज पाहा. ‘थँकिंग यू’ ह्या दोन शब्दांवांचून अर्ज संपतच नाहीं. रजा मिळावयाची असते, पण आभार आगाऊ पोंचलेले असतात. आणि कोणी आभार मानले असतां “मेन्शन नॉट” म्हणण्याची जी चाल आपल्याकडे पडली आहे, तिचा जन्म इंग्लंडांत झालेला नाहीं. “डोन्ट मेन्शन इट” ह्या वाक्याला आम्हीं हिंदी लोकांनीं दिलेला तो नवा अवतार आहे. त्याऐवजीं “असूं द्या, त्यांत काय एवढें!” हें आपलें वाक्य अधिक गोड नाहीं काय?

आतां मुख्य प्रश्न. शब्द उच्चारावा कीं न उच्चारावा? आमचा एक मावसभाऊ कांहीं वर्षें विलायतेंत राहून परत आला. मावशीनें पुरणपोळी वाढली, तो “थँक यू” म्हणाला. तूप वाढलें, पुन्हां “थँक यू”. तिसऱ्या खेपेस मावशीनें तूपवाढी खालीं ठेवली आणि म्हणाली, “अरे, मी काय खाणावळवाली आहें?” सगळे हंसले, तोहि हंसला. मावशीचें म्हणणें आम्हांस पूर्ण पटतें. जेथें देणें आणि घेणें वेगळें मोजलें जात नाहीं, तेथें पावती लिहून देणें म्हणजे नातें कमी करणें होय. आईच्या हातच्या भाकरीचा हिशेब एका शब्दांत चुकता करावा, हें आपल्या लोकांस रुचत नाहीं, तें योग्यच आहे. तेथें जाण ठेवावयाची ती आयुष्यभर, आणि दाखवावयाची ती कृतीनें.

पण सगळे जग मावशीच्या स्वयंपाकघराएवढें नाहीं. आम्ही आठवींत असतांना आमच्या वर्गावर गणिताचे एक नवे शिक्षक आले. पहिल्याच तासाला खडू संपला. शाळेचे वृद्ध शिपाई खडूची पेटी घेऊन आले. सर्व महाराष्ट्रांतल्या शाळांप्रमाणें आमच्या शाळेंतहि शिपायास सारे ‘मामा’ म्हणत. मास्तरांनीं पेटी घेतली, त्यांच्याकडे पाहिलें आणि “थँक यू” म्हणाले. मामा दारांत थबकले. आपल्या मागें कोणी उभें आहे कीं काय, म्हणून त्यांनीं वळून पाहिलें. मास्तरांनीं विचारलें, “आपलें नांव काय?” त्यांनीं नांव सांगितलें. आमच्या वर्गानें तें त्या दिवशीं प्रथम ऐकलें. पुढें त्या मास्तरांच्या तासाला येणाऱ्या पेटींत मोडका खडू कधीं नसे.

ह्या लहानशा गोष्टीवर आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला. ‘मामा’ ही हाक फार सुंदर आहे. परक्यास नात्यांत ओढून घेण्याची ही आपल्या समाजाची रीत आहे. रस्त्यावरील अनोळखी माणूस काका होतो, भाजीवाली मावशी होते. नातें जोडलें कीं आभाराची गरज उरत नाहीं, असा त्यांतला हिशेब. पण नात्याला दोन अंगें असतात. मामा म्हणावयाचें, तर मामाचें नांव ठाऊक असावें, त्याच्या घरीं कोण आहे हें ठाऊक असावें, तो आजारी पडला तर कोणी तरी विचारपूस करावी. हें दुसरें अंग जेथें नाहीं, तेथें ती हाक केवळ काम सांगण्याची सोय होऊन बसते. नात्यामुळें ‘थँक यू’ची गरज नाहीं, आणि परका म्हणून जाणेचीहि गरज नाहीं, अशा दोन्ही दारांच्या मधल्या उंबरठ्यावर आपल्याकडील किती तरी माणसें उभीं आहेत: झाडणारा, पाणी भरणारी, ओझें उचलणारा, पहाटे पेपर टाकणारा मुलगा. आशीर्वाद वरून खालीं येतो, नमस्कार खालून वर जातो; आपल्या जुन्या समाजांत बहुतेक शब्दांस अशी ठरलेली पायरी होती. ‘थँक यू’ हा शब्द मात्र पायरी विचारीत नाहीं. राजा तो सेवकास म्हणूं शकतो, सेवक राजास. इंग्लंडांत पुष्कळ ठिकाणीं बसमधून उतरणारा उतारू चालकास तो शब्द म्हटल्याशिवाय उतरत नाहीं. दोघे पुन्हां कधीं भेटतील न भेटतील, पण आपणांस येथवर कोणी आणलें हें उतारूच्या ध्यानांत आलें, आणि तें चालकास कळलें. हा त्या शब्दाचा खरा उपयोग होय.

लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायांत दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाहि बरे झाले. एकच परत फिरला आणि येशूच्या पायां पडून त्यानें उपकार मानले. मागच्या ओळींत आम्हीं ज्या ग्रीक शब्दाचा उल्लेख केला, तोच तेथें आला आहे. बाकीचे नऊजण कृतघ्न होते, असें आपण सर्रास म्हणतों. पण त्यांच्या मनांत काय होतें, हें लूकनें सांगितलेलें नाहीं. कदाचित् त्यांचीं अंतःकरणें भरून आलीं असतील. मात्र त्यांचें मन त्यांच्यापाशींच राहिलें, आणि ज्यानें परत येण्याची तसदी घेतली तो नेमका परका, शोमरोनी निघाला. “आमच्या मनांत असतें, आम्ही बोलून दाखवीत नाहीं,” असें अभिमानानें सांगणाऱ्या आपणां सर्वांस ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. जाण मनांत असणें हें पहिलें. पण परक्याच्या मनांत डोकावण्यास दुसऱ्यास खिडकी नसते.

तेव्हां आमचा निवाडा असा. शब्द पोकळ, हा पहिला आक्षेप शब्दावर लागू नाहीं. ज्यानें विचारावांचून तो उच्चारला त्याच्यावर लागू आहे. शब्द नाहीं म्हणून भावना नाहीं, हा दुसरा आक्षेप तर खोटाच. घरांत जाणेनें वागावें, घराबाहेर जाणेला शब्द द्यावा. तो इंग्रजी असो, मराठी असो, कीं कोंकणी ‘देव बरें करूं’ असो.

विद्यार्थिमित्रांस एक लहानशी सूचना करून हा लेख पुरा करतों. आपल्या वार्षिक संमेलनांत आभारप्रदर्शन हा कार्यक्रमपत्रिकेंतील शेवटचा विषय असतो. तो सुरू झाला कीं लोक चपला शोधूं लागतात, आणि बोलणारा विद्यार्थी अध्यक्षांपासून आरंभ करून “ज्ञात व अज्ञात अशा सर्वांचे” आभार मानून मोकळा होतो. ज्याचें काम अज्ञात आहे, त्याचे आभार ‘थँक’ ह्या शब्दाच्या मूळ अर्थानें मानतांच येत नाहींत. म्हणून पुढील संमेलनांत हें काम ज्याच्याकडे येईल, त्यानें आदल्या दिवशीं अर्धा तास काढावा. मंडपाचे खांब कोणीं पुरले, सतरंज्या कोणीं अंथरल्या, पिण्याचें पाणी कोणीं भरलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पटांगण कोण झाडणार आहे, हें विचारून घ्यावें, आणि तीं नांवें कागदावर नीट लिहून आणावीं. लोक चपला शोधीत असले तरी चालेल. तीं नांवें मोठ्यानें वाचावीं.